जुना अभ्यासक्रम, नवी आवृत्ती : मूडलची वाटचाल

मूडलची वाटचाल सांगताना बहुतेक जण आकडे सांगतात. किती देशांत, किती भाषांत, किती विद्यार्थ्यांपर्यंत. मला ती आवृत्त्यांच्या वाटेने सांगायची आहे. स्वतःच्या सर्व्हरवर चालवायची ही अध्यापन-प्रणाली २००२ पासून टिकून आहे, आणि त्यामागे नव्या सोयींपेक्षा एका शिस्तीचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे. माहिती साठवण्याची रचना ज्याला बदलायची असेल, त्यानेच जुनी माहिती नव्या रचनेत नेण्याची पायरीही लिहून द्यायची, अशी ही शिस्त. २००८ मध्ये एखाद्या शिक्षिकेने आपल्या वर्गासाठी टंकलेले प्रश्न आजच्या आवृत्तीत उघडू शकतात ते त्यामुळे. अर्थात मधल्या प्रत्येक टप्प्यावर कुणीतरी रात्र जागून अपग्रेड केलेले असावे लागते. हा लेख त्या माणसांविषयीही आहे.

सुरुवात पश्चिम ऑस्ट्रेलियातली. मूडलचे जनक मार्टिन डूगियामास यांचे बालपण वाळवंटी मुलखातल्या दूरच्या वस्तीत गेले. शाळा जवळपास नव्हती. अशा मुलांसाठी ऑस्ट्रेलियात ‘स्कूल ऑफ द एअर’ ही व्यवस्था आहे. १९५१ मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज इथे फ्लाइंग डॉक्टर सेवेच्या रेडिओवर ती सुरू झाली. मास्तरांचा आवाज रेडिओवरून यायचा आणि अभ्यासाची पाकिटे विमानाने यायची. डूगियामास असे शिकले. शिक्षक आणि विद्यार्थी यांच्यातले अंतर यंत्राने कमी होते, पण शिकणे दोन्ही बाजूंच्या माणसांमुळेच होते, हे त्यांना पुस्तकातून समजून घ्यावे लागले नाही.

पुढे नव्वदच्या दशकात ते पर्थच्या कर्टिन विद्यापीठात वेबसीटी या विकत घेतलेल्या प्रणालीची व्यवस्था पाहत होते. परवान्याच्या चौकटीत राहून शिक्षकांना जे हवे ते देता येत नाही, ही खंत तिथे वाढत गेली. शिकणे म्हणजे एकमेकांसोबत काहीतरी घडवत समजून घेणे, या विचाराला मुक्त सॉफ्टवेअर कसे पूरक ठरते, हा त्यांच्या संशोधनाचा विषय झाला. कर्टिनमधले प्राध्यापक पीटर टेलर हे या प्रवासातले सहप्रवासी आणि पहिल्या वापरकर्त्यांपैकी एक. टेलर आणि दोरित माओर यांनी ऑनलाइन वर्गासाठी एक प्रश्नावली तयार केली होती, ‘कोलेस’ या नावाची. शिकणाऱ्याला आपल्या अनुभवाशी जोड सापडते का, त्याला विचार करायला जागा मिळते का, शिक्षक आणि सोबती साथ देतात का, हे ती विचारते. ही प्रश्नावली मूडलमध्ये अगदी सुरुवातीपासून होती. शिकवण्याविषयीचा प्रश्नच सॉफ्टवेअरमध्ये बांधलेला असावा, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

२० ऑगस्ट २००२ रोजी मूडल १.० बाहेर पडले. परवाना जीपीएल. म्हणजे कुणीही ते उतरवून घ्यावे, आपल्या सर्व्हरवर चालवावे, हवे तसे बदलावे आणि बदललेले पुढे द्यायचे तर त्याच अटींवर द्यावे. पीएचपी आणि मायएसक्यूएल येणारा एक माणूस आणि एक साधा सर्व्हर एवढ्यावर महाविद्यालयाचे ऑनलाइन वर्ग उभे राहू लागले.

याच पहिल्या काळात अपग्रेडची मूळ रीत ठरली आणि ती आजही तीच आहे. मूडलच्या प्रत्येक भागाला तारखेवरून आलेला एक आवृत्ती-क्रमांक असतो. आवृत्ती ४.० चा क्रमांक २०२२०४१९००. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, शेवटी दोन अंक राखीव. एक क्रमांक प्रोग्रॅमच्या फाइलीत असतो, दुसरा डेटाबेसमध्ये नोंदलेला असतो. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवली की दोन्ही क्रमांक ताडून पाहिले जातात. फाइलीतला मोठा निघाला की मधल्या साऱ्या पायऱ्या ओळीने चालवल्या जातात. या तारखेआधीचा डेटाबेस असेल तर हा कॉलम जोड, त्या तारखेआधीचा असेल तर ते टेबल फोडून दोन कर, आणि प्रत्येक पायरी पार पडली की नवा क्रमांक लिहून ठेव. वीज गेली, सर्व्हर थांबला, तरी कुठवर आलो ते डेटाबेसला ठाऊक असते. उलट दिशेला मात्र वाट नाही. फाइलीतला क्रमांक लहान दिसला की मूडल पुढे जायला नकार देते. मागे जायचे तर आधी घेतलेला बॅकअप परत चढवणे हा एकच मार्ग.

२००५ मध्ये ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीने मूडल स्वीकारायचे ठरवले. दूरशिक्षणात एवढा अनुभव असलेल्या संस्थेने विश्वास टाकल्यावर मूडलकडे पाहण्याची नजर बदलली. त्यांनी नुसते वापरले नाही, आपले अभियंतेही कामाला लावले. त्यांच्यापैकी टिम हंट यांचे नाव मूडलच्या प्रश्नमंजुषेशी कायमचे जोडले गेले आहे.

पुढच्याच वर्षीचा टप्पा आपल्या दृष्टीने विशेष आहे. जून २००६ मध्ये १.६ आली आणि मूडल युनिकोडवर गेले. तोपर्यंत प्रत्येक भाषेच्या पॅकची अक्षरसंकेतन-पद्धत वेगळी असे आणि एका साइटवर दोन-तीन लिप्या सुखाने नांदत नसत. १.६ बरोबर एक खास स्थलांतर-साधन दिले होते, ते सगळा डेटाबेस यूटीएफ-८ मध्ये फिरवून घेई. मोठ्या साइटवर हे काम तासन्‌तास चाले. पण मराठी मजकुराची अडचण याहून खोल होती. त्या काळात आपल्याकडचे बरेचसे लेखन श्री-लिपी, शिवाजी अशा फाँटांत होत असे. पडद्यावर मराठी अक्षर दिसले तरी आत इंग्रजी अक्षरांचेच संकेत असत. असा मजकूर कोणत्याही अपग्रेडने मराठी होणार नव्हता. तो फाँट-परिवर्तकातून काढावा लागे आणि मग काना-मात्रा, रफार, जोडाक्षरे हाताने तपासावी लागत. ज्या शिक्षकांनी हे काम पानोपानी बसून केले, त्यांच्यामुळेच तो मजकूर आज शोधता येतो, मोबाइलवर वाचता येतो, दृष्टिहीन विद्यार्थ्याला यंत्राकडून वाचून घेता येतो.

युनिकोडच्या या गोष्टीला एक उपकथानक आहे. मायएसक्यूएलमध्ये ज्याला कित्येक वर्षे यूटीएफ-८ म्हटले जात होते, त्यात एका वर्णाला तीनच बाइट मिळत. देवनागरीचा प्रत्येक वर्ण नेमका तीन बाइटांत बसतो, त्यामुळे मराठीचे अडले नाही. अडले ते इमोजीमुळे, कारण त्याला चार बाइट लागतात. विद्यार्थ्याने उत्तराच्या शेवटी एक हसरा चेहरा टाकला की नोंद करताना डेटाबेस चूक दाखवी. २०१७ च्या सुमारास मूडलने चार बाइटांची पद्धत आणली आणि जुने डेटाबेस बदलून घेण्यासाठी कमांडही दिली. अनेक साइटी अजून जुन्या पद्धतीवरच आहेत. अपग्रेडला बसलात की हेही त्याच बैठकीत उरकून घ्यावे.

नोव्हेंबर २००६ च्या १.७ मध्ये दोन मोठी कामे झाली. कोणाला काय करता यावे याची भूमिका-अधिकारांची व्यवस्था आली. आणि स्पेनमधले एलॉय लाफुएन्ते यांच्या पुढाकाराने टेबलांची रचना कोणत्याही एका डेटाबेसच्या बोलीत न लिहिता तटस्थ पद्धतीने लिहिण्याची सोय झाली. त्यामुळे मायएसक्यूएल असो की पोस्टग्रेस, अपग्रेडची पायरी एकदाच लिहायची. वापरणाऱ्याला हे काम दिसत नाही. पण पुढच्या सगळ्या अपग्रेडचा पाया इथे आहे.

मार्च २००८ ची १.९ अतिशय स्थिर निघाली. महाविद्यालयांनी ती लावली आणि सुखाने नांदली. सुरक्षा-दुरुस्त्या २०१३ च्या अखेरीपर्यंत मिळत राहिल्या, एवढी तिची मागणी होती. पण आतून घर अपुरे पडू लागले होते. पुढची आवृत्ती यायला दोन वर्षे आठ महिने लागले.

२४ नोव्हेंबर २०१० ला २.० आली. मूडलच्या इतिहासात याहून अवघड ओलांडणी झाली नाही, म्हणून इथे थोडे थांबतो.

१.९ मध्ये शिक्षकांच्या फाइली साध्या फोल्डरांत असत. अभ्यासक्रमाचा क्रमांक हे फोल्डरचे नाव, आत शिक्षकाने ठेवलेल्या पीडीएफ, सादरीकरणे, चित्रे. सर्व्हर सांभाळणारा माणूस आत जाऊन ‘युनिट दोनच्या नोट्स’ ही फाइल डोळ्यांनी पाहू शकत असे, नवी आणून टाकू शकत असे. सोय मोठी होती, पण दोष तसेच मोठे. फाइल पाहण्याचा अधिकार अभ्यासक्रमापुरता. आतल्या एखाद्या भागापुरता तो बांधता येत नसे. शिक्षकाने फाइलचे नाव बदलले की दुवे तुटत. एकच क्रमिक पुस्तक दहा अभ्यासक्रमांत दहा वेळा जागा अडवी.

२.० ने हे मुळापासून बदलले. चेकियातले पेत्र श्कोडा या बदलात आघाडीवर होते. आता फाइल आत आली की तिच्या मजकुरावरून चाळीस अक्षरांचा एक ठसा काढला जातो. पहिल्या दोन अक्षरांचे फोल्डर, त्यात पुढच्या दोन अक्षरांचे फोल्डर, आणि त्यात तो ठसा हेच फाइलचे नाव. खरे नाव, ती कोणत्या अभ्यासक्रमात, कोणत्या भागात, कोणी ठेवली, हे सगळे डेटाबेसमध्ये. तीच पीडीएफ पन्नास शिक्षकांनी चढवली तरी डिस्कवर एकदाच राहते. एखाद्या स्वाध्यायाची फाइल ज्याला तो स्वाध्याय दिसतो त्यालाच दिसते.

यातून एक परिणाम निघाला, तो आजही अनेकांच्या लक्षात येत नाही. डेटाबेस हरवला तर उरलेल्या फाइली म्हणजे नाव नसलेले ठसे. फाइलींचे फोल्डर हरवले तर डेटाबेस म्हणजे नुसती यादी. म्हणून दोघांचा बॅकअप एकाच वेळचा हवा. डेटाबेस रविवारचा आणि फाइली मागच्या महिन्याच्या, अशा बॅकअपला बॅकअप म्हणू नये.

२.० वर फक्त १.९ वरूनच जाता येत असे. १.९ ला पीएचपी ४ चालत होते, नव्याला ५.२.८ हवे होते, म्हणजे कित्येक ठिकाणी सर्व्हरची कार्यप्रणालीच बदलायची वेळ आली. जुन्या थीम निकामी झाल्या. अभ्यासक्रमाच्या बॅकअपचा नमुना बदलला आणि १.९ मध्ये काढून ठेवलेले एकेका अभ्यासक्रमाचे बॅकअप २.० मध्ये उघडेनात. ती सोय जुलै २०११ च्या २.१ मध्ये आली, तीही विद्यार्थ्यांच्या नोंदींशिवाय. त्याच २.१ मध्ये टिम हंट यांनी नव्याने बांधलेले प्रश्न-इंजिन आले. तोवर विद्यार्थ्यांनी दिलेले प्रत्येक उत्तर नव्या रचनेत उतरवायचे होते. लाखो उत्तरे असलेल्या साइटवर हे एका रात्रीत होईना, म्हणून आधीच तालीम करून पाहण्यासाठी आणि जुनी उत्तरे टप्प्याटप्प्याने फिरवण्यासाठी वेगळे साधन देण्यात आले. मला या साधनाचे मोल मोठे वाटते. एखाद्या विद्यार्थ्याने तीन वर्षांपूर्वी सोडवलेल्या चाचणीचे उत्तर फेकून देणे सोपे होते. त्यांनी ते फेकले नाही.

२.० च्या अनुभवानंतर मूडलच्या कामाची लय बदलली. अडीच-तीन वर्षे दबा धरून एकदम मोठी झेप घेण्याऐवजी दर सहा महिन्यांनी एक आवृत्ती, ठरलेल्या वेळी. बदल तयार नसेल तर तो पुढच्या खेपेला जाईल, आवृत्ती थांबणार नाही. प्रत्येक बदल आधी दुसऱ्या अभियंत्याने तपासायचा, मग एकत्रीकरण करणाऱ्या गटाने, मग चाचणी घेणाऱ्याने, आणि हे चक्र आठवड्याला एक. सहा महिन्यांची धावपळ सगळ्यांना झेपणारी नव्हती, म्हणून मे २०१४ च्या २.७ पासून दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्त्यांची प्रथा सुरू झाली. २.७, ३.१, ३.५, ३.९, ४.१, ४.५. आपल्यासारख्या महाविद्यालयांनी या आवृत्त्यांवरूनच पुढे जात राहावे. मधल्यांच्या मागे लागण्याची गरज नाही.

आपल्याकडे मूडल नवे नव्हते. पवईच्या आयआयटी मुंबईत ते अभ्यासक्रमांसाठी वापरात आहे, आणि तिथून शिकून गेलेल्यांनी ते इतर ठिकाणी नेले. मूडलच्या भाषा-पॅकांत मराठीही आहे. पण जिल्ह्या-तालुक्यांच्या महाविद्यालयांत मूडलची खरी लाट आली ती २०२० च्या टाळेबंदीत. तेव्हाची ताजी आवृत्ती म्हणजे त्या जूनमध्ये आलेली ३.९. संगणकशास्त्राच्या एखाद्या तरुण सरांनी किंवा मॅडमनी चार-सहा दिवसांत साइट उभी केली, सहकाऱ्यांना फोनवरून शिकवली, मुलांना दुवे पाठवले. परीक्षा पार पडल्या. मग वर्ग पुन्हा भरू लागले, सर दुसरीकडे रुजू झाले, आणि साइट जिथल्या तिथे राहिली. ३.९ च्या सुरक्षा-दुरुस्त्या डिसेंबर २०२३ मध्ये थांबल्या. त्या साइटींमध्ये आजही मुलांची नावे, ईमेल, गुण, उत्तरे आहेत.

हे मला मनापासून टोचते. मुक्त सॉफ्टवेअर फुकट मिळते म्हणून ते आपोआप चालते असे नाही. परवान्याचे पैसे वाचले त्यातले थोडे तरी ते सांभाळणाऱ्या माणसाच्या वेळेवर खर्च झाले पाहिजेत. महाविद्यालयाच्या कार्यभारात ग्रंथालयाला माणूस असतो, प्रयोगशाळेला साहाय्यक असतो. हजारो विद्यार्थ्यांचे काम ज्या सर्व्हरवर आहे त्याची जबाबदारी मात्र ‘मूडल बघणारे सर’ या तोंडी पदावर असते. हे काम लेखी नेमून द्यावे, त्याचे तास मोजावेत, आणि जाणाऱ्याने येणाऱ्याला पासवर्डांसह, प्लगइनच्या यादीसह आणि बॅकअपच्या जागेसह रीतसर पदभार द्यावा.

१९ एप्रिल २०२२ ला ४.० आली. शिक्षकांना दिसला तो चेहरामोहरा: डावीकडे अभ्यासक्रमाची अनुक्रमणिका, वर नवी दिशादर्शक पट्टी, आणि बिगब्लूबटनचा ऑनलाइन वर्ग आता मूळ संचातच. दहा वर्षे हात बसलेल्या शिक्षकांना पहिले दोन आठवडे काहीच सापडेना. अशा वेळी नवे पान कसे दिसते याचे एक चित्र आणि तासाभराचे प्रात्यक्षिक अपग्रेडच्या आधी दिले तर पुढचे शंभर फोन वाचतात. तांत्रिक दृष्टीने मात्र मोठा बदल प्रश्नपेढीत होता. तोवर प्रश्न दुरुस्त केला की जुना मजकूर जाई. ४.० पासून प्रत्येक प्रश्नाच्या आवृत्त्या जपल्या जातात, म्हणजे गेल्या वर्षी मुलांनी नेमका कोणता प्रश्न सोडवला ते यंदाच्या दुरुस्तीनंतरही दिसते. त्यासाठी अपग्रेडमध्ये प्रत्येक प्रश्नाच्या नोंदीतून माहिती वेगळी काढून नव्या टेबलांत मांडली जाते. वर्षानुवर्षे कुणी न आवरलेली, तोच प्रश्न वीस ठिकाणी असलेली प्रश्नपेढी असेल तर ही पायरी लांबते. अपग्रेडआधी प्रश्नपेढी आवरणे हे विषय शिक्षकांचे काम आहे; तंत्रज्ञाला कोणता प्रश्न टाकाऊ ते कळत नाही.

मागे राहिलेल्या साइटीने आता पुढे कसे यावे? पंढरीच्या वाटेवर मुक्काम ठरलेले असतात, तसे इथेही आहेत, आणि ते गाळता येत नाहीत. ३.९ पीएचपी ७.२ ते ७.४ वर चालते. ४.१ ला ७.४ ते ८.१ चालते आणि तिथे ३.९ वरून थेट जाता येते. म्हणून आधी पीएचपी ७.४ वर या, मग मूडल ४.१ वर. तिथे पोचल्यावर पीएचपी ८.१ करा, कारण ४.५ ला ८.१ ते ८.३ लागते. डेटाबेसचेही असेच: ४.१ ला मायएसक्यूएल ५.७ पुरते, ४.५ ला ८.० हवे. मारियाडीबी असेल तर ४.१ ला १०.४ आणि ४.५ ला १०.६.७. प्रत्येक मुक्कामी दोन्ही बाजूंना चालणारी पीएचपीची एक आवृत्ती सापडते; ती धरूनच पाऊल टाकायचे. मूडल आणि पीएचपी दोन्ही एकदम बदलली तर कोणत्या बदलाने काय मोडले ते शोधत बसावे लागते. व्यवस्थापनाच्या पानांत सर्व्हरची सज्जता तपासणारे एक पान असते. तिथे पुढची आवृत्ती निवडली की काय कमी आहे ते आधीच दिसते. पीएचपी ८ वर फॉर्ममधल्या चलांची मर्यादा किमान ५००० हवी, हे अनेकांना तिथेच पहिल्यांदा समजते.

प्रत्यक्ष साइटीला हात लावण्याआधी दुसऱ्या यंत्रावर तिची हुबेहूब प्रत उभी करावी आणि सारे तिथे करून पाहावे. त्या प्रतीत एक गोष्ट पहिल्याच क्षणी करायची: ईमेल बंद. प्रतीतही खऱ्या मुलांचे खरे पत्ते असतात आणि ठरावीक वेळाने चालणारा क्रॉन चालू झाला की तालमीतल्या साइटवरून शेकडो पत्रे सुटतात. त्यासाठी कॉन्फिग फाइलीत एका ओळीची सोय आहे. तालमीत घड्याळ लावून पाहावे. इथे जेवढा वेळ लागला त्यावरून साइट किती वेळ बंद ठेवायची ते विद्यार्थ्यांना सांगता येते.

खऱ्या दिवशी क्रम ठरलेला असतो. देखभाल-स्थिती चालू, क्रॉन बंद. डेटाबेस, फाइलींचे फोल्डर आणि प्रोग्रॅमचे फोल्डर असे तिन्ही बॅकअप. मग जुन्या प्रोग्रॅमच्या फोल्डरचे नाव बदलून बाजूला ठेवायचे आणि नव्या आवृत्तीला नवे, रिकामे फोल्डर द्यायचे. जुन्यावरच नवे पसरले तर काढून टाकलेल्या फाइली आत राहतात आणि दोन आवृत्त्यांची सरमिसळ झाल्याचा संदेश देऊन मूडल थांबते. कॉन्फिग फाइल आणि बाहेरून आणलेले प्लगइन नव्या फोल्डरात आणायचे, पण प्लगइन नव्या आवृत्तीला चालणारेच. मग ब्राउझरमधून न चालवता कमांड देऊन अपग्रेड चालवायचे, म्हणजे मध्येच वेळ संपल्याची तक्रार येत नाही. शेवटी भाषा-पॅक ताजे करायचे, क्रॉन पुन्हा चालू करायचा, आणि एका शिक्षकाच्या व एका विद्यार्थ्याच्या खात्याने आत जाऊन स्वाध्याय जमा करून, चाचणी सोडवून, गुण पाहून खात्री करायची.

अपग्रेड अडते ते बहुधा प्लगइनमुळे. कुणीतरी हौसेने लिहिलेले, प्रमाणपत्राचे किंवा हजेरीचे, सगळ्यांना आवडलेले, आणि ज्याचा कर्ता आता ते सांभाळत नाही. नव्या प्लगइनला होकार देण्याआधी शेवटची दुरुस्ती कधीची आणि ती कोणत्या आवृत्तीपर्यंतची, एवढे पाहिले तरी पुढचा मोठा त्रास टळतो. थीमचेही तेच. महाविद्यालयाचा बोधचिन्ह-रंग मूळ थीमच्या सेटिंगमध्ये बसवता येतो. त्यासाठी वेगळी विकत थीम घेऊन प्रत्येक अपग्रेडला तिच्या कर्त्याची वाट पाहण्याची गरज नसते.

एप्रिल २०२५ मध्ये ५.० आली आणि बरेच जुने सोबती मूळ संचातून बाहेर पडले. अट्टो हा संपादक गेला. ओरॅकल डेटाबेसचा आधार गेला. गप्पांचा चॅट-भाग गेला, आणि ज्यात ‘कोलेस’ ही प्रश्नावली होती तो सर्वेक्षणाचा भागही गेला. ज्यांना हवा त्यांना तो वेगळा प्लगइन म्हणून घेता येतो. मूडलच्या जन्मामागचा प्रश्न ज्यात लिहिलेला होता तो भाग वेगळा झाला याचे मला वाईट वाटले, पण तो निर्णय मी समजू शकतो. सांभाळायला माणसे मोजकी असतात आणि प्रत्येक भागाची पायरी दर सहा महिन्यांनी कुणालातरी लिहावी लागते. ज्या महाविद्यालयांनी त्या सर्वेक्षणात मुलांची उत्तरे गोळा केली आहेत, त्यांनी ५.० वर जाण्याआधी प्लगइन आणून ठेवावा, म्हणजे ती उत्तरे शाबूत राहतील.

५.० मध्ये प्रश्नपेढी पुन्हा हलली. आता ती अभ्यासक्रमातला एक स्वतंत्र घटक म्हणून राहते आणि दुसऱ्या अभ्यासक्रमांनाही वापरता येते. जुने प्रश्न तिथे नेण्याचे काम अपग्रेड संपल्यावर क्रॉनमार्फत मागे चालू राहते. ते पुरे होईपर्यंत शिक्षकांना प्रश्न जागेवर दिसले नाहीत तर घाबरून बॅकअप परत चढवू नये. ऑक्टोबर २०२५ च्या ५.१ ने फोल्डरांची मांडणीच बदलली. बाहेरून पाहता येण्याजोगे तेवढेच एका वेगळ्या सार्वजनिक फोल्डरात ठेवले, बाकीचा प्रोग्रॅम वेब-सर्व्हरच्या नजरेआड केला. सुरक्षेच्या दृष्टीने हे कधीच व्हायला हवे होते. पण अपाची किंवा एनजिनेक्सच्या मांडणीत मूळ फोल्डरचा पत्ता बदलावा लागतो, आणि स्वस्तातल्या सामायिक होस्टिंगवर ते आपल्या हातात असतेच असे नाही. होस्टिंगचे नूतनीकरण करण्याआधी हे विचारून घ्यावे.

४.१ वरून थेट ५.० वर उडी घेता येत नाही. त्यासाठी साइट किमान ४.२.३ वर असावी लागते. ४.१ च्या सुरक्षा-दुरुस्त्याही डिसेंबर २०२५ मध्ये संपल्या आहेत. ४.५ ला त्या ऑक्टोबर २०२७ पर्यंत मिळणार आहेत. म्हणून ज्यांची साइट ३.९ किंवा ४.१ वर आहे त्यांनी येत्या सुट्टीत ४.५ गाठावी आणि ५ च्या पुढच्या दीर्घ आधाराच्या आवृत्तीची तयारी तिथून करावी. आधी एवढे करा: व्यवस्थापनाच्या पानात जाऊन आजची आवृत्ती, पीएचपीचा क्रमांक, डेटाबेसचा क्रमांक आणि बाहेरून आणलेल्या प्लगइनची यादी एका कागदावर उतरवून प्राचार्यांच्या टेबलावर ठेवा, आणि परीक्षा विभागाला विचारून सलग तीन दिवस मागून घ्या.